नवं ग्राफिक्स कार्ड बसवल्यावर कॉम्प्युटर रीस्टार्ट का होतो?

नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं, ड्रायव्हर टाकला, डेस्कटॉप व्यवस्थित दिसला. ब्राउझर चालतो, सिनेमा चालतो. मग गेम सुरू होतो आणि दहाएक मिनिटांत स्क्रीन एकदम काळी पडते, पंखे क्षणभर थांबतात आणि मदरबोर्डच्या कंपनीचा लोगो पुन्हा समोर येतो. निळी स्क्रीन नाही, एररचा मेसेज नाही. जणू कोणी प्लग काढून परत लावला.

पहिला संशय कार्डावर जातो. ते साहजिकच आहे, कारण बदललेली वस्तू तेवढी एकच असते. कार्ड सेकंडहँड घेतलेलं असेल तर आपण फसलो असं वाटतं. नवं असेल तर दुकानातून बदलून आणलं जातं, आणि बदलून आणलेलं कार्डही तसंच वागतं. मग विंडोज नव्याने टाकलं जातं, कोणीतरी मदरबोर्ड बदलायला सांगतं. या सगळ्यात हजारो रुपये जातात आणि खरा दोष बऱ्याचदा कॅबिनेटच्या कोपऱ्यात धूळ खात बसलेल्या एसएमपीएसमध्ये, म्हणजे पॉवर सप्लायमध्ये असतो.

बेरीज बरोबर, तरी वीज कमी

समजा, कॉम्प्युटरमध्ये आधी ७५ वॅटचं जीटीएक्स १०५० टीआय होतं आणि त्याजागी आरटीएक्स ३०८० आलं. हे कार्ड ३२० वॅटचं. सोबतचा रायझन ५ ५६००एक्स प्रोसेसर साधारण ७५ वॅट घेतो. मदरबोर्ड, रॅम, डिस्क आणि पंखे यांचे ५० वॅट धरले, तर एकूण ४४५ होतात. एसएमपीएसवर ५५० लिहिलं आहे, म्हणजे शंभर वॅट शिल्लक. मग एनव्हीडिया या कार्डासाठी ७५० वॅटचा एसएमपीएस का सुचवते?

कारण ३२० वॅट ही सरासरी आहे. गेममधलं दृश्य बदललं की कार्डावरचा भार सेकंदाच्या हजाराव्या भागात खाली-वर होतो. या कार्डाच्या चाचण्यांमध्ये असे क्षणिक झटके साडेचारशे वॅटच्याही वर गेलेले दिसले आहेत. पाण्याचा पंप सुरू होताना घरातला दिवा क्षणभर मंद होतो, तसंच हे आहे. फरक इतकाच, की दिवा लगेच सावरतो, कॉम्प्युटर सावरत नाही.

एसएमपीएसमध्ये संरक्षणाची सोय असते. मागणी मर्यादेबाहेर गेली की तो स्वतःला बंद करतो. काही एसएमपीएस मग मागचं बटण बंद-चालू केल्याशिवाय उठतच नाहीत. काही वेळा मात्र तो पूर्ण बंद पडत नाही, फक्त १२ व्होल्टचा पुरवठा क्षणभर खाली जातो. मानकानुसार तो साधारण ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहायला हवा. तो घसरला की ‘वीज ठीक आहे’ असं मदरबोर्डला सांगणारा संकेत तुटतो आणि बोर्ड सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. विंडोजला काही नोंदवायलाही वेळ मिळत नाही, म्हणून निळी स्क्रीन दिसत नाही.

स्टिकरवरचा मोठा आकडाही फसवा असू शकतो. ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतं. त्यामुळे स्टिकरवरच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते पाहून त्याला १२ ने गुणावं. ३० अँपिअर असतील तर ३६० वॅट, मग वर ४५० छापलेलं का असेना. कॅबिनेटसोबत फुकट मिळालेल्या एसएमपीएसच्या बाबतीत हा गुणाकार केलेला बरा.

खर्च करण्याआधी

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये रीस्टार्टच्या वेळेची नोंद बघावी. तिथे ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं की अनेक जण लगेच पॉवर सप्लायला दोषी ठरवतात. त्या नोंदीचा अर्थ तेवढा नाही. कॉम्प्युटर नीट शटडाउन न होता बंद झाला, एवढंच ती सांगते. तिच्या तपशिलात ‘बगचेककोड’ नावाची ओळ असते, ती महत्त्वाची. तिथे शून्य असेल तर वीज अचानक तुटल्याची शक्यता वाढते. शून्याखेरीज दुसरा आकडा असेल तर निळी स्क्रीन येऊन गेली आहे आणि ड्रायव्हर किंवा रॅमकडे बघायला हवं. ही निळी स्क्रीन डोळ्यांना दिसावी म्हणून विंडोजच्या ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’मधली आपोआप रीस्टार्ट होण्याची खूण काढून टाकावी.

यानंतरची चाचणी सगळ्यात उपयोगी, आणि तिला पैसे लागत नाहीत. आफ्टरबर्नरसारख्या प्रोग्रॅममध्ये कार्डाची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणायची, गेममध्ये फ्रेम ६० वर बांधायच्या आणि नेहमीचाच गेम तासभर खेळायचा. रीस्टार्ट थांबले, तर कार्ड बहुतेक धडधाकट आहे आणि त्याला वीज पुरत नाही. मात्र मर्यादा घातल्यावर कार्ड थंडही राहतं. म्हणून आधी मूळ सेटिंगवर तापमान पाहून ठेवावं. गरम झालेलं कार्ड साधारणपणे आधी स्वतःचा वेग कमी करतं, एकदम रीस्टार्ट घडवत नाही.

फरमार्कसारखी चाचणी तासभर चालली म्हणून एसएमपीएसला निर्दोष ठरवू नये. तिचा भार मोठा असतो, पण बराचसा स्थिर असतो. गेममध्ये तो सतत वर-खाली होतो, म्हणूनच कधीकधी मेन्यू किंवा लोडिंग स्क्रीनवरच घात होतो.

नुसता डेस्कटॉप उघडा असतानाही कॉम्प्युटर रीस्टार्ट होत असेल, तर तपास वेगळा. कार्ड बसवताना रॅमची पट्टी हलली असेल, कार्ड स्लॉटमध्ये पुरतं बसलं नसेल, किंवा जुन्या ड्रायव्हरचे अवशेष राहिले असतील.

यूपीएसला विसरू नका

आपल्याकडे आणखी एक संशयित असतो आणि त्याच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. घरोघरी दिसणारे ६०० व्हीएचे छोटे यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंतच भार पेलतात. जुन्या कार्डाला ते पुरत होते. वर हिशेब केलेला कॉम्प्युटर गेम चालू असताना एकटाच ४४५ वॅट घेतो, त्यात एसएमपीएसमध्ये वाया जाणारी वीज वेगळी आणि मॉनिटर वेगळा. अशा वेळी लाइट क्षणभर जरी गेली, तरी बॅटरीवर जाताच यूपीएस हात टेकतो. एका संध्याकाळी कॉम्प्युटर अर्थिंग असलेल्या भिंतीतल्या सॉकेटला थेट लावून पाहिला, की हा प्रश्न निकालात निघतो.

वायर बदलताना सावध

पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅट मिळतात आणि आठ पिनांच्या प्रत्येक कनेक्टरमधून १५०. कार्डावर असे दोन कनेक्टर असतील तर एसएमपीएसपासून दोन स्वतंत्र वायरी आणाव्यात. एकाच वायरीला असलेली दोन तोंडं वापरून काम भागतं, पण मोठ्या कार्डाला ते नको. साटा किंवा मोलेक्सवरून आठ पिना बनवणारा कन्व्हर्टर तर नकोच. साटाच्या कनेक्टरची १२ व्होल्टची क्षमता ५४ वॅट आहे, त्यातून १५० ओढले तर प्लास्टिक वितळतं.

नवा एसएमपीएस घ्यायची वेळ आली, तर ८० प्लसच्या ‘गोल्ड’ शिक्क्याने हुरळून जाऊ नये. तो शिक्का विजेची बचत किती होते ते सांगतो, झटके सोसण्याबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी २०२२ मध्ये आलेलं एटीएक्स ३.० किंवा त्यापुढचं मानक पाहावं. १२व्हीएचपीडब्ल्यूआर कनेक्टर असलेल्या आणि ४५० वॅटच्या वरच्या एसएमपीएसने स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट झटका १०० मायक्रोसेकंद सोसावा, अशी अट त्यात आहे. लगेच खर्च करायचा नसेल तर ७०-८० टक्के पॉवर लिमिटवर कार्ड वापरत राहायलाही हरकत नाही. वेग थोडा कमी होतो, पण वॅट जितके घटतात त्या मानाने बराच कमी.

एसएमपीएस बदलताना मात्र वायरी काढायचा कंटाळा करू नये. मॉड्युलर एसएमपीएसच्या वायरी दिसायला सारख्या असतात, पण एसएमपीएसकडच्या टोकाला कोणत्या पिनेत किती व्होल्ट, याचं सर्व कंपन्यांना लागू असं मानक नाही. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलमध्येही फरक असू शकतो. जुन्या वायरी तशाच ठेवून नवा एसएमपीएस जोडला आणि पाच व्होल्टच्या जागी बारा गेले, तर बटण दाबताक्षणी हार्ड डिस्क जळते, आणि तिच्यातले फोटोही तिच्याबरोबर जातात.