जारवा म्हणजे सहलीत दाखवायचं ठिकाण नव्हे

दिवाळीच्या सुट्या जवळ आल्या की जालन्यात अंदमानच्या सहलींची चौकशी सुरू होते. सावरकरांची कोठडी एकदा तरी पाहावी ही मराठी माणसाची ओढ समजण्यासारखी आहे. पण त्या चौकशीत एक प्रश्न हमखास येतो : “वाटेत ते जंगली लोक दिसतात ना? फोटो काढू देतात का?” त्यावर “नशिबात असेल तर दिसतील” असं सांगणारे एजंटही भेटतात. दरवर्षी तेच ऐकून आता चीड येते. म्हणून हा गैरसमज आधी नीट निस्तरू.

जारवा हे दक्षिण आणि मध्य अंदमानच्या जंगलात शिकार, मासेमारी, कंदमुळं आणि मधावर जगणारे लोक. २०११च्या जनगणनेत ते ३८० होते. त्यांच्या राखीव जंगलातून अंदमान ट्रंक रोड जातो. बारातांगच्या चुनखडीच्या गुहा पाहायला निघालेल्या गाड्या पहाटेच जिरकाटांगच्या नाक्यावर रांगेत उभ्या राहतात आणि ठरलेल्या वेळी, बंदोबस्तात, एकत्र सोडल्या जातात. नियम स्पष्ट आहेत : वाटेत थांबायचं नाही, फोटो काढायचे नाहीत, कुणाला काही द्यायचं नाही. १९५६च्या आदिवासी संरक्षण नियमावलीत २०१२ साली शिक्षा आणखी कडक झाल्या. जारवांचे फोटो काढल्याबद्दल तुरुंगात जावं लागू शकतं.

हे नियम उगाच आलेले नाहीत. या रस्त्याचा राखीव जंगलातला भाग बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच दिला होता; रस्ता तरीही सुरू राहिला. जानेवारी २०१२मध्ये ब्रिटनच्या ‘ऑब्झर्व्हर’ने पर्यटकांपुढे नाचायला लावलेल्या जारवा स्त्रियांची चित्रफीत उजेडात आणली. पुढच्या वर्षी न्यायालयाने काही आठवडे पर्यटकांना या रस्त्यावर बंदीच घातली होती.

“एखादा बिस्किटाचा पुडा दिला तर काय बिघडलं?” हा पुढचा प्रश्न. खूप बिघडतं. जारवा बाहेरच्यांशी शांतपणे मिसळू लागले ते १९९८च्या सुमारास, आणि १९९९मध्येच त्यांच्यात गोवराची साथ आली. पिढ्यान्‌पिढ्या वेगळं राहिलेल्या माणसांच्या शरीराला आपल्या रोगांची ओळख नसते. ग्रेट अंदमानी लोकांचं काय झालं ते पाहा. १८५८मध्ये इंग्रजांनी वसाहत केली तेव्हा ते काही हजार होते. १८७७ला गोवर आला, इतर रोगही आले. २०११च्या जनगणनेत उरले ४४.

“ते माणसं खातात म्हणे!” याला कसलाही पुरावा नाही. ही आवई मार्को पोलोच्या काळापासून चालत आली आहे, आणि त्याने तर अंदमानात कुत्र्याच्या तोंडाची माणसं राहतात असंही लिहून ठेवलं आहे. त्यातलं एक खोटं आपण सोडलं, दुसरं का धरून बसलो आहोत?

आता बाकीचे गैरसमज थोडक्यात.

गैरसमज : ही चिमुकली बेटं आहेत.
वस्तुस्थिती : अंदमान-निकोबारचं क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जालना जिल्ह्याहून थोडं जास्तच. लोकसंख्या मात्र २०११ला जेमतेम ३ लाख ८० हजार; जालन्याची तेव्हा साडेएकोणीस लाखांच्या वर होती.

गैरसमज : तिथे सगळे आदिवासीच राहतात.
वस्तुस्थिती : अनुसूचित जमाती शेकडा आठही नाहीत, आणि त्यांतही बहुतेक निकोबारी. बाकीचे लोक म्हणजे जुन्या कैद्यांचे वंशज, फाळणीनंतर वसवलेले पूर्व बंगालचे निर्वासित, तमिळ, तेलुगू आणि रांचीकडून आलेले मजूर.

गैरसमज : काळ्या पाण्याची शिक्षा सेल्युलर जेलपासून सुरू झाली.
वस्तुस्थिती : १८५७च्या उठावानंतर, मार्च १८५८मध्ये पहिले कैदी तिथे उतरले. जेल बांधलं गेलं १८९६ ते १९०६ या काळात; सावरकर तिथे १९११ला पोहोचले.

गैरसमज : बेटांचं पोट पर्यटनावरच चालतं.
वस्तुस्थिती : सरकारी नोकऱ्या आणि केंद्राचा पैसा हा मोठा आधार आहे. जोडीला नारळ, सुपारी, मासेमारी. एके काळी लाकूड महत्त्वाचं होतं. चॅथमची सरकारी लाकूड गिरणी १८८३ची आहे.

गैरसमज : पासपोर्ट लागतो.
वस्तुस्थिती : भारतीयांना अंदमानसाठी लागत नाही. निकोबार मात्र पर्यटकांसाठी खुलं नाही.

गैरसमज : किनाऱ्यावर पडलेलं प्रवाळ उचललं तर चालतं.
वस्तुस्थिती : चालत नाही. प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

अंदमानला जरूर जा, मुलांना घेऊन जा. बारातांगला गेलात तर त्या जंगलातून जाताना मोबाइल खिशात ठेवा आणि ते का, हे मुलांना समजावून सांगा. आणि “जारवा दाखवतो” म्हणणारा एजंट भेटला, तर त्याच्याकडे बुकिंग करू नका.