कापताच निळे होणारे भूछत्र

पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी आपल्या अनेक विद्यार्थ्यांनी पाहिलेली असते. ती उलटी धरली की छत्रीखाली दांड्याकडून कडेकडे गेलेल्या पातळ पट्ट्या दिसतात. या पट्ट्यांवर बीजाणू तयार होतात. सर्वच भूछत्रांना मात्र अशा पट्ट्या नसतात. बोलीट या गटातील भूछत्रांच्या छत्रीखाली स्पंजासारखा थर असतो. हा थर म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या असंख्य उभ्या नळ्या. त्यांची तोंडे खालून बारीक छिद्रांसारखी दिसतात. बीजाणू नळ्यांच्या आतल्या बाजूला तयार होतात आणि खाली गळतात.

या गटातील युरोपातल्या एका जातीची ओळख आपण येथे करून घेऊ. जर्मन निसर्गशास्त्रज्ञ याकोब शेफर यांनी १७७४ साली तिचे वर्णन केले व ‘बोलीटस ल्युरिडस’ असे नाव दिले. आता ती ‘सुइलेलस’ या प्रजातीत धरतात. ओक, बीच, लिंडन या झाडांच्या मुळांशी तिचे तंतू जोडलेले असतात. झाड कवकाला साखर पुरवते, कवक झाडाला पाणी व क्षार मिळवून देते. म्हणून ही भूछत्रे झाडांच्या आसपासच सापडतात, विशेषतः चुनखडीच्या जमिनीत.

छत्री पिवळट, नारिंगी किंवा तपकिरी असते आणि २० सेंटीमीटरपर्यंत रुंद होऊ शकते. एवढ्यावर काहीच ओळखता येत नाही, कारण छत्रीचा रंग वयाप्रमाणे आणि हवेप्रमाणे बदलतो. खालची छिद्रे नारिंगी-लाल असतात, नळ्या मात्र आतून पिवळसर. दांड्यावर लाल, लांबट घरांची जाळी असते. भूछत्र उभे चिरले, तर नळ्यांचा थर आणि छत्रीचा गर यांच्यामध्ये बहुधा एक नारिंगी-लाल रेघ दिसते. फ्रेंच कवकतज्ज्ञ बाताय यांच्या नावाने ती ओळखली जाते.

ही रेघ लगेच पाहून घ्यावी लागते, कारण पिवळा गर काही क्षणांतच गडद निळा होतो!

या निळाईने रसायनशास्त्रज्ञांनाही मोहात पाडले. ओझोनचा शोध लावणारे शोनबाइन यांनी १८५० नंतरच्या दशकात बाझल येथे याच भूछत्रावर प्रयोग केले. त्यांनी भूछत्राचा अर्क अल्कोहोलमध्ये काढला. तो हवेत निळा होईना, पण ओझोनने निळा झाला. म्हणजे निळा होणारा पदार्थ अर्कात होता, नुसत्या हवेतल्या ऑक्सिजनला मात्र ते काम जमत नव्हते. ताज्या भूछत्रात ऑक्सिजनला कामाला लावणारे आणखी काही तरी असले पाहिजे, असे त्यांनी अनुमान काढले. आज आपण त्याला विकर म्हणतो. विकरे म्हणजे काय हे नीट कळण्यापूर्वीची ही गोष्ट आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रयोगाचे मोल कळते. निळा होणारा पदार्थ म्हणजे मुख्यतः व्हेरिगेटिक आम्ल. अखंड भूछत्रात तो आणि विकर वेगवेगळे राहतात. पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते.

असा झटपट बदलणारा रंग पाहिला की माणसाला विषाची शंका येते. युरोपात ‘निळे होते ते विषारी’ असा समज होता. हे भूछत्र कच्चे किंवा अर्धवट शिजलेले खाल्ल्यास उलट्या व जुलाब होतात हे खरे. पण त्याचा निळ्या रंगाशी संबंध नाही. किंचित निळे होणारे बे बोलीट तिकडे लोक आवडीने शिजवून खातात. उलट ‘डेथ कॅप’ हे भूछत्र कापल्यावर रंग मुळीच बदलत नाही. ते शिजवले तरी त्याचे विष जात नाही. बहुधा ६ ते १२ तासांनी त्रास सुरू होतो. मग थोडे बरे वाटते, आणि तोवर यकृताची हानी होत असते. एकाच ठळक लक्षणावर विसंबण्याचा नियम कुठे नेतो, ते यावरून दिसते.

ल्युरिडसची ओळखही नुसत्या निळेपणाने पटत नाही. जवळचे एक बोलीट तितक्याच वेगाने निळे होते, त्याचीही छिद्रे लाल असतात. पण त्याच्या दांड्यावर जाळी नसून बारीक लाल ठिपके असतात. विषारी ‘सैतानी बोलीट’ला लाल जाळी असते, मात्र त्याची छत्री खडूसारखी पांढुरकी असते आणि गर मंदपणे, फिकटच निळा होतो. छत्री, छिद्रे, जाळी, गर, रेघ आणि शेजारचे झाड हे सारे जुळवून पाहावे लागते.

वर्गात यासाठी रानातले भूछत्र आणू नये. बटाटा पुरेसा आहे. कच्च्या बटाट्याची एक फोड तशीच ठेवावी, दुसरी उकळत्या पाण्यात चांगली शिजवून ठेवावी. कच्ची फोड हळूहळू तपकिरी पडते, शिजवलेली तशी पडत नाही. पदार्थ वेगळे, रंगही वेगळा, पण विकर आणि ऑक्सिजन यांची जोडी तीच. शिजवल्याने या जोडीतले कोण निकामी झाले, ते विद्यार्थ्यांनाच विचारावे.