सफरचंदाचा श्वास: साठवणीच्या एका शतकाचा मागोवा

झाडावरून उतरविलेले फळ म्हणजे एक निर्जीव जिन्नस, या समजुतीनेच मनुष्याने शतकानुशतके त्याच्या जतनाचा विचार केला. यूरोपातील बागाईतदार शरद ऋतूत सफरचंदे उतरवून तळघरात वा माळ्यावर, फळाला फळ लागणार नाही अशा बेताने, गवतावर मांडून ठेवीत, डागाळलेली वेळोवेळी निवडून काढीत, आणि थंडी बरी पडली तर टिकाऊ जातीची फळे वसंत ऋतूपर्यंत पुरवीत. या साऱ्या बंदोबस्ताचा रोख बुरशी, उंदीर, हिम आणि उष्मा या बाहेरच्या शत्रूंवर होता. गेल्या शंभर वर्षांत या विद्येने जे काही साधले ते मात्र एका वेगळ्याच जाणिवेतून साधले आहे. तोडलेले सफरचंद जिवंत असते, श्वास घेते, आपल्या अंगची साखर व आम्ल हळूहळू जाळते आणि त्या जगण्याच्या ओघातच मऊ पडते. तेव्हा ते करकरीत राखायचे तर त्याचे जगणे मंद करावे लागते, आणि ते किती मंद करावे, कोणत्या मर्यादेपलीकडे करू नये, याचा उत्तरोत्तर सूक्ष्म होत गेलेला हिशेब म्हणजेच या शतकाचा इतिहास होय.

मूळ कल्पना तशी जुनी. फ्रान्समधील माँपेल्ये येथील रसायनज्ञ बेरार याने १८२१ सालीच प्राणवायूवाचून फळ पिकत नाही असे नमूद करून ठेवले होते. परंतु निकड उत्पन्न होईपर्यंत शोध दप्तरात पडून राहावा, हा प्रकार शास्त्राच्या इतिहासात विरळा नाही. ती निकड पहिल्या महायुद्धाने उत्पन्न केली. जर्मन पाणबुड्यांनी इंग्लंडची अन्नसामग्री समुद्रात बुडविण्याचा सपाटा लावला असता, नासाडी होणारे अन्न वाचविणे हेही एक युद्धकार्यच ठरले, आणि १९१७ मध्ये तेथील सरकारने अन्नसंशोधनासाठी एक स्वतंत्र मंडळ स्थापन केले. केंब्रिजचा तरुण वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रँकलिन किड याने त्यापूर्वीच बियांच्या सुप्तावस्थेचा अभ्यास करताना असे पाहिले होते की, कर्बवायूचे प्रमाण वाढविले असता मोहरीचे बी जिवंत राहूनही रुजत नाही. जो वायू बियाला थोपवितो तो फळालाही थोपवील काय, हा त्याचा प्रश्न होता. आणि सिरिल वेस्ट या सहकाऱ्यासह त्याने त्याचे उत्तर शोधण्यात पुढील कित्येक वर्षे वेचली.

याच सुमारास ऑस्ट्रेलियातून जहाजांनी आलेल्या सफरचंदांविषयी तक्रारी येऊ लागल्या. फळ बाहेरून निर्दोष, रंग उत्तम, आणि कापावे तो गाभा तपकिरी! दोष जहाजाच्या थंडीचा, असा पुष्कळांचा ग्रह होता. किड आणि वेस्ट यांनी १९२३ मध्ये दाखवून दिले की, कोंदट तळखान्यात फळांनी स्वतःच सोडलेला कर्बवायू साचत गेला आणि त्याच्या अतिरेकाने फळाचा गाभा आतून मेला. येणेप्रमाणे अल्प प्रमाणात जो उपाय तोच बेसुमार झाला असता अपाय, हे या विद्येच्या आरंभीच पक्के झाले, आणि पुढील सारी खटपट प्रमाण ठरविण्याची झाली.

केंट परगण्यात कँटरबरीजवळ १९२९ साली पहिले व्यापारी वायुकोठार उभे राहिले. त्याची रचना मोठी युक्तिबाज होती. भिंतींना आतून पत्र्याचे अस्तर, सांधे बुजविलेले, आणि वायू भरण्याची कसलीही यंत्रसामग्री नाही. कारण ते काम फळांकडेच सोपविलेले होते. हवेत प्राणवायू शेकडा २१. फळे तो ओढून घेतात आणि साधारण तितकाच कर्बवायू सोडतात. तेव्हा एक वाढला की दुसरा त्याच मापाने घटतो, आणि झरोका कमीअधिक उघडून हवे ते प्रमाण राखता येते. ब्रॅमली जातीच्या सफरचंदाला शून्य अंशाजवळची थंडी सोसत नाही; ते चार अंशांच्या आसपास ठेवून कर्बवायू शेकडा आठ ते दहापर्यंत चढविला असता महिनोन्महिने टिकू लागले. पुढे न्यूयॉर्क संस्थानातील कॉर्नेल विद्यापीठात रॉबर्ट स्मॉक यांनी मॅकिंटॉश जातीवर हेच प्रयोग केले, ‘नियंत्रित वातावरण’ हे नाव रूढ केले, आणि कर्बवायू चुन्यासारख्या द्रव्यांनी शोषून घेण्याची सोय झाल्यावर दोन्ही वायू एकाच वेळी कमी राखणे शक्य झाले. आज बहुतेक जातींसाठी शून्य ते एक अंश तापमान, शेकडा ९० हून अधिक आर्द्रता, प्राणवायू एक ते तीन टक्के आणि कर्बवायू त्याच्याच आगेमागे, असा सामान्य पाठ आहे. अशा दालनात मनुष्य शिरला तर काही क्षणांत बेशुद्ध पडतो. म्हणून दारावर धोक्याची सूचना असते आणि नमुन्याची फळे लहानशा खिडकीतून काढतात.

दुसरा धागा एथिलीन वायूचा. आंब्याच्या अढीत एक नासका आंबा राहिला की सारी अढी नासते, हे कोकणात पोरासोरांनाही ठाऊक असते. परंतु कुजीचा संसर्ग वेगळा आणि पिकण्याचा संदेश वेगळा, हा भेद उलगडायला विसावे शतक उजाडावे लागले. सेंट पीटर्सबर्ग येथे नेल्युबॉव्ह याने १९०१ मध्ये दाखविले की, दिव्याच्या वायूतील एथिलीनमुळे वाटाण्याचे कोंभ सरळ न वाढता आडवे होतात. १९३४ मध्ये रिचर्ड गेन याने रासायनिक पुराव्यानिशी सिद्ध केले की, पिकते सफरचंद स्वतःच हा वायू निर्माण करते. एक फळ पिकू लागले की शेजारच्या फळांना वर्दी जाते, तीही तोच वायू सोडू लागतात, श्वसन एकाएकी उसळी घेते, आणि पेशींना एकमेकींशी सांधणारे पेक्टिन विरघळू लागते. दाताखाली पेशी फुटून रस उडावा, त्याऐवजी त्या नुसत्या विलग होतात. पिठूळ सफरचंदाचा जो नीरस अनुभव येतो त्याचे कारण हेच.

साठवणीचे यश वखारीत ठरते असा समज असला, तरी ते वस्तुतः तोडणीच्या दिवशीच ठरलेले असते. म्हणून जाणता बागाईतदार फळ आडवे कापून आयोडीनच्या द्रावणात बुडवितो. जेथे पिष्ट शिल्लक आहे तेथे गर निळाकाळा होतो, जेथे त्याची साखर झाली तेथे पांढरा राहतो, आणि मध्यभागापासून पसरत जाणाऱ्या त्या पांढऱ्या आकृतीवरून तोडणीची घटका ठरते. फळाच्या गालावरची पातळ साल काढून ११ मिलिमीटर जाडीची बोथट दांडी आत दाबावयाची आणि लागलेला जोर पौंडांत वाचावयाचा, ही दुसरी परीक्षा. सोळा-सतरा पौंड भरणारे डेलिशियस जातीचे फळ दीर्घ मुक्कामास लायक. बारांखाली उतरलेल्याची रवानगी ताबडतोब बाजारात करावी, हे उत्तम.

आपल्या देशात ही विद्या पुष्कळ उशिरा आली. सॅम्युअल स्टोक्स, म्हणजेच पुढे सत्यानंद स्टोक्स, यांनी १९१६ च्या सुमारास शिमल्याच्या वरच्या अंगाला कोटगढ येथे अमेरिकेतील डेलिशियसची लागवड केली आणि त्या डोंगरी मुलखाचे अर्थकारणच पालटले. परंतु ही जात दिसायला जितकी देखणी तितकीच उष्म्यात भुसभुशीत होण्यास तत्पर. आणि तिचा प्रवास व्हायचा तो लाकडी पेट्यांतून, ऐन पावसाळ्यात, मैदानाच्या उकाड्यातून, दिल्लीच्या आझादपूर मंडीकडे. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. तेव्हा थंडीत आठवडाभर पुरणारे आयुष्य मालमोटारीत दोन-तीन दिवसांतच खर्ची पडे. लाकडी पेट्यांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी आली, आणि नियंत्रित वातावरणाची मोठी कोठारे शिमला जिल्ह्यात व काश्मिरात पुलवाम्याच्या लासीपोऱ्यात उभी राहिली ती चालू शतकातच. वाशीच्या फळबाजारात उन्हाळ्यातही करकरीत काश्मिरी सफरचंद मिळते ते या कोठारांच्याच कृपेने.

विसाव्या शतकाच्या अखेरीस या इतिहासाने आणखी एक वळण घेतले. नॉर्थ कॅरोलायनातील एडवर्ड सिस्लर आणि सिल्व्हिया ब्लँकनशिप यांना असा एक वायुरूप पदार्थ सापडला की, फळातील ज्या ग्राहकांना एथिलीन जाऊन भिडते त्या जागाच तो आधी अडवून बसतो. त्याचे नाव एक-मिथिल-सायक्लोप्रोपीन. दहा लाख भाग हवेत जेमतेम एक भाग, बंद खोलीत एक दिवस, एवढ्याने फळाला पिकण्याची वर्दी पोचेनाशी होते. अमेरिकेत खाद्यफळांसाठी त्यास २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि मऊ पडण्याची तक्रार पुष्कळ अंशी मिटली.

मात्र या लाभाची किंमत आहे. सुगंधाची द्रव्ये पिकण्याच्या क्रियेतूनच जन्मतात. ती क्रिया रोखली की करकरीतपणा उरतो आणि परिमळ उणावतो. फार काळ कोंडलेले सफरचंद दाताला ताजे लागते, नाकाला लागत नाही. दुसरी किंमत अर्थव्यवहाराची आहे. आवक दाटलेल्या हंगामात पडत्या भावाने माल देऊन मोकळे होण्याची सक्ती ज्याच्यापाशी दालन नाही त्याला असते. वाट पाहण्याची चैन वखारवाल्याला परवडते, आणि सहा महिन्यांनी वाढलेला भाव त्याच्याच पदरी पडतो. विज्ञानाने सफरचंदाची मुदत वाढविली हे निर्विवाद. परंतु ती वाढीव मुदत कोणाच्या खाती जमा व्हावी हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटणारा नव्हे, तो बागाईतदारांनी आपल्या मालकीची कोठारे उभारूनच सोडवावा लागेल.