गोवळकोंड्याची टाळी

वृद्ध आई-बापांना घेऊन प्रवासास निघावयाचे म्हटले की पुष्कळ घरांत आधी त्यांच्या गुडघ्यांचा विचार होतो आणि मग सारा बेतच रहित होतो. आमच्या घरीही बरीच वर्षे असेच चालले होते. आमच्या तीर्थरूपांचा जन्म १९४५ सालचा, निजामाच्या राज्यातील मराठवाड्यातला. हाली शिक्क्याच्या आणि हैदराबादच्या गोष्टी त्यांनी आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकल्या होत्या. १९५६ साली मराठवाडा त्या राज्यातून निघाला आणि दादांचे हैदराबाद पाहावयाचे राहिले ते राहिलेच. अखेर २०२५ च्या मार्च महिन्यात आम्ही त्यांना घेऊन जालन्याहून रात्रीच्या गाडीने निघालो.

पहिला दिवस शुक्रवारचा, आणि तोही प्रायश्चित्तकाळातला. दुपारी विसावा घेऊन गनफाउंड्री येथील संत जोसेफ कॅथेड्रलमध्ये क्रुसाच्या वाटेची भक्ती केली आणि मग चारमिनारकडे गेलो. रमजानचा महिना असल्यामुळे रोजा सोडणाऱ्यांची दाटी होती. जागोजागी भट्ट्यांवर हलीमचे हंडे चढलेले, आणि त्यांचा वास रस्ताभर दरवळत होता. प्रवासात शुक्रवार पाळला नाही तर चालते, असे आम्ही पुटपुटलो. दादा म्हणाले, "अरे, ही माणसे दिवसभर पाण्याच्या थेंबावाचून राहिली. आपल्याला एक दिवस मांस सोडवत नाही?" मग इराणी चहा, उस्मानिया बिस्किटे आणि जर्दाळूंचा खुबानी का मीठा, एवढ्यावर आमची रात्र भागली.

शनिवारी सकाळी गोवळकोंडा गाठला. काकतीयांच्या काळी येथे मातीचा किल्ला होता. १५१८ च्या सुमारास सुलतान कुली याने येथे कुतुबशाहीचा पाया घातला. पुढे त्याच्या वंशजांनी भक्कम दगडी तट उभारले आणि १५९१ साली जवळच हैदराबाद शहर वसविले. १६८७ साली औरंगजेबाने किल्ल्यास वेढा घातला, तो आठ महिने चालला. शेवटी फितुरीने दरवाजा उघडला गेला. सुलतान अबुल हसन कैद होऊन आपल्या दौलताबादेस आला आणि बंदिवासातच मरण पावला.

दौलताबादचे नाव ऐकताच दादा हसले. आम्ही पाच वर्षांचे असताना त्यांनीच आम्हांस खांद्यावर घेऊन तो किल्ला चढविला होता आणि तेथील अंधारीत आमचा हात घट्ट धरला होता.

गोवळकोंड्याच्या प्रवेशद्वारी घुमटाखाली टाळी वाजविली की ती पार वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते. खालची वर्दी वर पोहोचविण्याची ही युक्ती, असे सांगतात. वर जाण्यास सुमारे ३६० पायऱ्या आहेत. दादांनी पायऱ्यांकडे पाहिले आणि आपल्या गुडघ्यांवर हात ठेवला. आमच्या मनात किंचित वैताग आला, हे आज कबूल करतो. ते त्यांनी ओळखले असावे. "तू जा. मी इथेच थांबतो. वर गेलास म्हणजे कान दे, मी टाळी वाजवीन," ते म्हणाले.

आम्ही भराभर चढलो. वर वारा होता. खाली भग्न महाल, त्यांपलीकडे पसरलेले शहर. कान दिला, तर टाळ्या येत होत्या, पण कितीतरी! खाली आलेला प्रत्येक प्रवासी टाळी वाजवीत होता. त्यांतली दादांची कोणती, हे काही केल्या ओळखेना.

खाली उतरलो तो दादा घुमटाखाली उभेच होते आणि अजून टाळ्या वाजवीत होते. तळहात लाल झालेले. "इतका वेळ?" आम्ही विचारले. ते म्हणाले, "तू वर कधी पोहोचशील, हे मला कुठे ठाऊक?"

आम्हांस पुढे बोलवेना. उन्हे चढण्यापूर्वी जवळचे कुतुबशाही मकबरे आम्ही दोघांनी सावकाश पाहिले. तेथे चढण नाही. रात्री हलीम खाल्ले. गहू, डाळी व मांस तासन् तास शिजवून, लाकडी दांड्याने घोटून ते एकजीव करतात. दात नसलेल्यासही ते सुखाने खाता येते. २०१० साली त्यास भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दादांनी वाटी पुसून घेतली व म्हणाले, "गहू तर आपलाच. पण हे घाईचे काम नव्हे."

प्रिय वाचकहो, आम्ही शेतात, शहरात, परमुलखात असतो, तेव्हा घरी कोणीतरी रोज रोझरी हाती घेऊन आमच्यासाठी प्रार्थना करीत असते. ती नेमकी कोणत्या घडीला आम्हांस तारून नेते, हे आम्हांस कळत नाही. त्यांनाही कळत नाही, म्हणून ती थांबत नाहीत. चौथ्या आज्ञेचा अर्थ आम्हांस त्या घुमटाखाली नव्याने उमगला. ज्यांच्या घरी असे हात अजून आहेत, त्यांनी पायऱ्या मोजीत बसू नये. जेवढे त्यांना चालवेल तेवढेच पाहावे, पण बरोबर पाहावे.