भारत-पाक चर्चा : वाट कोठून?
पहलगाम हल्ल्यानंतर, एप्रिल २०२५ मध्ये, भारताने सिंधू जलकरार स्थगित केला व अटारीची चौकी बंद केली. मे महिन्यातील संघर्ष १० तारखेला थांबला, तोही लष्करी कारवाई महासंचालकांच्या दूरध्वनी संभाषणातून. चर्चा झालीच तर दहशतवाद आणि पाकव्याप्त काश्मीर यांवरच, असे पंतप्रधान मोदी यांनी दोनच दिवसांत बजावले. इस्लामाबादला मात्र काश्मीर व पाणी दोन्ही विषयपत्रिकेवर हवे आहेत. अशा स्थितीत शिखर परिषदेची अपेक्षा व्यर्थ होय.

तथापि एक प्रथा कारगिल आणि २६/११ नंतरही टिकली. १९९२ पासून दर १ जानेवारीला अणुकेंद्रांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. २००८ च्या करारान्वये वर्षातून दोनदा कैद्यांच्याही. या कैद्यांत सागरी हद्द ओलांडलेले मच्छीमार असतात. पालघरचे खलाशीही त्यांत सापडले आहेत. शिक्षा संपली तरी राष्ट्रीयत्वाची खातरजमा होईपर्यंत सुटका नाही, आणि ती कामे रेंगाळतात. त्यासाठी नेमलेली निवृत्त न्यायाधीशांची संयुक्त समिती २०१३ नंतर थंडावली. तिचे पुनरुज्जीवन करण्यास कोणत्याही पक्षाला काश्मीरवरील भूमिका सोडावी लागत नाही. सचिव पातळीवरील एक पत्र पुरेसे आहे.