आश्विनातली मधपेटी

युरोपातल्या सफरचंदाच्या वाडीत शरद ऋतू म्हणजे आवराआवर. जादा मध काढून घ्यायचा, हिवाळ्यापुरता माश्यांना ठेवायचा आणि सफरचंदं पिळून सायडर मुरत घालायची. धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीच्या काळ्या रानात आश्विनातलं काम याच्या उलट आहे. इथे माश्यांची उपासमार होते ती पावसाळ्यात; सोयाबीन निघून तूर फुलायला लागली की त्यांचा हंगाम उघडतो.

म्हणून आधी मध नाही, झाडाझडती. धुराचे दोन-तीन झोत देऊन झाकण काढायचं. तळपाटावर भुगा आणि पोळ्यात जाळी दिसली तर मेणकिडा शिरलेला असतो. तसली जुनी काळी पोळी काढून वितळवायची. मग चौकट उन्हाकडे धरून राणीची अंडी शोधायची. दुबळी वसाहत मात्र दुसरीशी जोडावी लागते, आणि त्याला लागतो जुना पेपर! दुबळी राणी बाजूला काढून, सुईने भोकं पाडलेला कागद दोन कोठ्यांच्या मधे पसरतात. तो कुरतडून होईपर्यंत दोन्हीकडचा वास एक होतो. थेट एकत्र केल्या तर मारामारी ठरलेलीच.

चौकट अशी सहज उचलता येते ती एका फटीमुळे. सहा ते नऊ मिलिमीटरची वाट माश्या मोकळी ठेवतात. अरुंद असेल तर राळेने बुजवतात, रुंद असेल तर तिथे पोळं बांधतात. १८५१ मध्ये अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथने हे हेरून पेटी बेतली. तसल्या चौकटींच्या पेट्यांत सातेरी आणि मेलिफेरा या जातींच्या माश्या नांदतात. आग्या मोहोळ कधीच नाही.

खरी अडचण पेटीबाहेर आहे. तूर फुलात असतानाच अळी येते आणि पंप पाठीवर चढतात. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झालं. तिथे भोवती जंगल आहे, ढोकीला भोवती शेजाऱ्याचं रान. माशी बांध मानत नाही. फवारणी सांजेला करायची आणि आदल्या दिवशी सांगायचं, एवढं शेजाऱ्याशी ठरलेलं नसेल तर अनुदानाची पेटी घेऊच नये, असं माझं मत आहे.

सायडरची हौस असेल, तर पुण्याची मूनशाईन मीडरी मध आंबवून मीड बनवते. त्यात सफरचंदाचंही आहे. ढोकीच्या पेटीकडून मात्र आधी तुरीच्या शेंगा मागाव्यात, मध नंतर. तूर सरली की करडई. तिकडे पेट्या न्यायच्या त्या रात्री, सगळ्या माश्या आत आल्यावर दाराला जाळी लावून.