पहारीचे टोक कोणत्या लोखंडाचे करावे?



खोडव्याला खत फेकून न देता पहारीने भोक पाडून मातीत द्यावे, ही पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राची शिफारस बहुतेकांना ठाऊक आहे. पाचट जाळायचे नाही. बुडख्यापासून 10 ते 15 सें.मी. अंतरावर तेवढेच खोल भोक घ्यायचे. दोन भोकांत 30 सें.मी. अंतर ठेवायचे. पहिला हप्ता तोडणीनंतर 15 दिवसांत, दुसरा 135 दिवसांनी विरुद्ध बाजूला. शिफारस पटते, पण दुपारपर्यंत हात भरून येतात, टोक बोथटते आणि उरलेले खत पाचटावरच पडते. मग युरियातले नत्र हवेत उडून जाते, म्हणजे आपलाच पैसा उडतो.

आधी वजनाचा हिशेब करू. चार फुटी सरीला एकरी सुमारे 11,000 भोके पडतात. पहार 1 किलोने जड असली तर एका हप्त्याला 11 टन ओझे जादा उचलावे लागते! 25 मि.मी. जाडीची साडेचार फुटी भरीव पहार सव्वापाच किलो भरते. खत मावण्यासाठी ही जाडी फक्त खाली लागते. म्हणून खाली एक फूट भरीव गज आणि वर साडेतीन फूट पाऊण इंची काळा पाइप जोडावा. काम 3 किलोत भागते. जस्ताचा मुलामा असलेला पाइप वेल्डिंगला नको. त्याचा धूर बाधतो.

आता लोखंड. लोहार म्हणेल, "घ्या की ही सळई!" साध्या सळईत कार्बन कमी, त्यामुळे कितीही पाणी पाजले तरी ती कडक होत नाही, मुरमात टोक बसते. स्लॅबच्या टीएमटी सळईचा कडकपणा वरच्या थरापुरता असतो आणि भट्टीत तापवताच तो जातो. शिवाय तिच्या कंगोऱ्यांत काळी माती अडकते. आमच्या मते ईएन-8 चा गोल गज घ्यावा. त्यात सुमारे 0.4 टक्के कार्बन असतो. टोक कडक होते आणि गज चिवट राहतो. ट्रकच्या जुन्या पाट्याचे पोलादही चांगले, पण तो चपटा असल्याने घडवायला मेहनत पडते आणि विझवायला पाण्याऐवजी तेल लागते.

जोडण्याआधी गजाचे वरचे टोक गरम करावे आणि वेल्डिंगनंतर सांधा राखेत सावकाश निवू द्यावा, नाहीतर तडकतो. त्यानंतरच टोकाला पाणी द्यावे. खालचे दोन-तीन इंचच लाल करावेत. लोहचुंबक चिकटेनासे झाले, की आणखी थोडे तापवून पाण्यात विझवावे. एवढ्यावर थांबू नये; असे टोक काचेसारखे ठिसूळ असते, दगडावर त्याचा टवका उडतो. टोक घासून चकचकीत करावे आणि मागच्या बाजूने हळूहळू शेकावे. पिवळा, तपकिरी, जांभळा असे रंग टोकाकडे सरकतात. टोकावर जांभळा-निळा रंग आला की विझवावे.

टोकापासून 15 सें.मी. वर आडवी पट्टी जोडून घ्यावी. पाय देता येतो आणि खोली सारखी राहते. पट्टीचे वेल्डिंग टोकाला पाणी देण्याआधीच उरकावे.

आधी एकच पहार करून दोन सऱ्या चालवून पाहा. पटली तर बाकीच्या करा.